गावापर्यंतचा बारमाही रस्ता, त्यामागची जवळपास शंभर वर्षं

गावाकडच्या रस्त्याचा विषय निघाला की सगळे ग्रामपंचायत नाहीतर आमदार यांच्यावरच बोलतात, पण यात दिल्लीतल्या ग्रामविकास मंत्रालयाचा हात केवढा आहे आणि तो आला कुठून हे फार कुणी सांगत नाही, म्हणून जरा मागचं सांगतो. मुळात राज्यघटनेप्रमाणे राष्ट्रीय महामार्ग सोडले तर रस्ते हा राज्यांचा विषय. म्हणजे वाडीवरच्या रस्त्याला पैसे दिलेच पाहिजेत असं केंद्रावर बंधन नव्हतं.

सुरुवात इंग्रजांच्या काळातली. मोटारी वाढल्या, रस्ते उखडायला लागले, तेव्हा १९२७ मध्ये मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यांनी सांगितलं की हे एकट्या प्रांतांना झेपणारं नाही, देशाच्या तिजोरीतून मदत हवी, आणि त्यासाठी पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा घ्या. त्यातून १९२९ ला केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते की पैसा कुठून येणार हे आधी ठरवलं, रस्ता नंतर.

मग १९४३ ची नागपूरची बैठक, देशभरातले मुख्य अभियंते जमले आणि राष्ट्रीय महामार्ग, प्रांतीय महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामीण रस्ते अशी उतरंड लावली, आजही आपण जवळपास तेच शब्द वापरतो. ग्रामीण रस्ता सगळ्यात खाली, आणि पैशाच्या बाबतीतही पुढे कितीतरी वर्षं तो खालीच राहिला. १९५२ च्या सामूहिक विकास कार्यक्रमात, पाचव्या पंचवार्षिक योजनेतल्या किमान गरजा कार्यक्रमात त्याचं नाव होतं. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर किती रस्ते झाले, लोकांनी उन्हात खडी फोडली, माती टाकली, घरात चूल पेटली ती त्याच मजुरीवर. पण हेतू हाताला काम देणं हा होता, त्यामुळे बरेच रस्ते माती-मुरमाचे, त्यात मोरी नाही की गटार नाही, काळ्या रानातून गेलेला असला तर दोन पावसात चिखल आणि बाळंतीण बाईला झोळीत घालून डांबरीपर्यंत न्यायचं.

२००० साली देशातल्या साधारण ४० टक्के वस्त्यांना बारमाही रस्ता नव्हता. स्वातंत्र्याला ५३ वर्षं झाल्यावर! त्या वर्षी २५ डिसेंबरला वाजपेयी सरकारने प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आणली आणि ती ग्रामविकास मंत्रालयाकडे दिली. वस्ती बसायची तर सपाटीवर किमान ५०० लोक हवेत, डोंगरी, आदिवासी आणि वाळवंटी भागात २५०, सुरुवातीला सगळा खर्च केंद्राचा. पैसा परत इंधनातूनच, डिझेलवरच्या सेसमधला (जादा करातला) निम्मा वाटा तेव्हा गावच्या रस्त्यांना, म्हणजे जयकरांचीच वाट. पुढे २०१५-१६ पासून बहुतेक राज्यांत खर्चाची वाटणी केंद्र ६०, राज्य ४० अशी झाली, ईशान्य आणि हिमालयातल्या राज्यांत ९० आणि १०. आत्तापर्यंत साडेसात लाख किलोमीटरच्या वर रस्ते झालेत.

पण माझ्या मते खरा बदल किलोमीटरमध्ये नाही. अशा रस्त्याच्या सुरुवातीला बोर्ड असतो तो कधी थांबून वाचा. लांबी, खर्च, ठेकेदाराचं नाव, आणि खाली पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम वर्षवार लिहिलेली. रस्ता करणाऱ्यानेच पाच वर्षं सांभाळायचा हे टेंडरमध्येच येतं, म्हणजे साईडपट्टी खचली, मोरी तुंबली, खड्डा पडला तर कुणाला धरायचं ते गावाला बोर्डावरूनच कळतं. तपासणीही तीन पातळ्यांवर, काम करणारी यंत्रणा, मग राज्याचे निरीक्षक, मग केंद्राने पाठवलेले. हे सगळीकडे नीट होतं असं मी म्हणत नाही, पण आधी विचारायलाच कुणी नव्हतं.

अडचण सहाव्या वर्षी येते. ठेकेदार मोकळा होतो आणि रस्ता राज्याच्या गळ्यात. म्हणूनच २०१९ च्या तिसऱ्या टप्प्यात, सव्वा लाख किलोमीटर मंजूर करताना, पाच वर्षांनंतरच्या देखभालीला पैसे ठेवू असा करार मंत्रालयाने राज्यांकडून आधी करून घेतला. चौथा टप्पा २०२४ ला मंजूर झाला, ६२,५०० किलोमीटर आणि २५,००० वस्त्या, ज्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेवरून धरलीय.