अंजनेरीची हद्द आणि हद्दीबाहेरचा अ‍ॅटलास

पावसाळा लागला की इगतपुरी, त्र्यंबक, पेठ भागातून अ‍ॅटलास पतंगाचे फोटो येऊ लागतात. बातमीत ‘दुर्मिळ’ हा शब्द ठरलेलाच. वीतभर पंखांच्या या जिवाला प्रौढपणी खाण्यासाठी चालतं तोंडच नसतं, आठ-दहा दिवसांत खेळ आटोपतो. एरवी तो नजरेला पडत नाही यात नवल काय?

लिनियसने १७५८ मध्ये त्याचं नामकरण केलं, पण नाशिकपुरता विषय सुरू होतो तो २००८ पासून. त्या वर्षी बोरगड राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र झालं. त्र्यंबकजवळच्या अंजनेरी गडाची पाळी २०१७ मध्ये आली. दोन्ही वेळा वन्यजीव संरक्षण कायद्यातली २००२ ची दुरुस्ती कामी आली. संवर्धन राखीव म्हणजे अभयारण्य नव्हे. ते सरकारी जमिनीवर, स्थानिकांशी बोलून जाहीर होतं आणि त्याची व्यवस्थापन समिती फक्त सल्ला देते.

अंजनेरीची रेघ आखताना डोळ्यांपुढे होती कड्यावरची गिधाडं आणि पठारावरचं कंदीलपुष्प, ज्याची गडाचं नाव मिळालेली जात २००६ मध्ये नोंदली गेली. पुढे गडावर गाडीरस्ता नेण्याचा प्रस्ताव आला आणि वाद पेटला. भाविकांची सोय, गावाला रोजगार ही एक बाजू. कातळ फुटला की फुलं गेली, वर्दळ वाढली की गिधाडं उठली, ही दुसरी; आणि खरं तर तीच वजनदार. रस्त्यापाठोपाठ ब्रह्मगिरी-अंजनेरी रोपवेचा प्रस्ताव आला, तेव्हा तेच मुद्दे पुन्हा मांडावे लागले. या सगळ्यात पतंगाचं नाव फार तर यादीच्या शेवटी.

त्याचं बिऱ्हाड खाली आहे. अळीला लिंबू चालतं, पेरूही चालतो, म्हणजे मालकीच्या बांधावरची आणि परसातली झाडं. कोष विणण्याआधी ती पानाचा देठ रेशमाने फांदीला आवळून बांधते. पान वाळलं तरी गळत नाही, आत कोष लोंबत राहतो. हिवाळा-उन्हाळा तो तसाच काढतो. नेमक्या त्याच दिवसांत भात-नागलीच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजण्यासाठी, फांद्या छाटल्या जातात, वाळतात आणि जाळल्या जातात. त्यात वणव्यांची भर. राब बंद करा म्हणणं सोपं, पण रोपं त्यावरच उगवतात. कोष असलेली फांदी तेवढी सोडा, एवढं सांगता येतं. समितीत प्रत्येक ग्रामपंचायतीचा आणि कृषी खात्याचा प्रतिनिधी कायद्यानेच असतो, तेव्हा हा विषय तिथे काढायला कुणाच्या वेगळ्या परवानगीची गरज नाही.