मांजराचं यकृत आणि तेलाची छोटी बाटली

2002 ते 2012 या काळात अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्राकडे शुद्ध टी ट्री तेलाची, म्हणजे एका झाडाच्या पानांपासून काढलेल्या सुगंधी तेलाची, बाधा झालेल्या 443 प्राण्यांची नोंद झाली. त्यात 337 कुत्रे होते आणि 106 मांजरं. 2014 मध्ये या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्यातला एक आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 443 पैकी 395 वेळा हे तेल चुकून सांडलं नव्हतं, की कुत्र्याने बाटली चावून फोडली नव्हती. घरातल्या माणसांनीच ते मुद्दाम वापरलं होतं. त्यानंतर 2 ते 12 तासांत प्राण्यांची लाळ गळू लागली, ते मलूल झाले, अंग थरथरू लागलं, पायांतली ताकद गेली, चालताना तोल जाऊ लागला. काहींच्या बाबतीत हा त्रास 72 तासांपर्यंत टिकला.

ही माणसं निष्काळजी नव्हती. बाटलीवर पानाचं चित्र असतं, वास औषधी असतो, आणि आपल्या स्वतःच्या त्वचेला ते तेल सोसलेलं असतं. मग खाजवून हैराण झालेल्या जनावराला दोन थेंब लावले तर बिघडलं कुठे, असं कुणालाही वाटेल. बिघडतं कुठे, हे कळायला दोन गोष्टी पाहाव्या लागतात: त्या बाटलीत काय असतं, आणि ते अंगात गेल्यावर कुणाचं यकृत त्याचा निचरा करणार असतं.

सुगंधी द्रव्यं वनस्पती स्वतःच्या बचावासाठी तयार करते. पान कुरतडणारी अळी, खोडावर चढणारी बुरशी, चरायला आलेलं जनावर यांना दूर ठेवण्याचं हे रसायनशास्त्र आहे. पानात त्याचं प्रमाण अगदी थोडं असतं. ऊर्ध्वपातन करून आपण ते एकवटतो. किलोभर गुलाबतेलासाठी काही हजार किलो पाकळ्या लागतात, यावरून एका थेंबात काय साठलेलं असतं याचा अंदाज येईल. शिवाय हे रेणू लहान असतात आणि स्निग्ध पदार्थांत सहज विरघळतात, त्यामुळे त्वचा त्यांना फारशी अडवू शकत नाही. कातडीवर लावलेलं तेल थोड्याच वेळात रक्तात उतरतं.

रक्तात आलेल्या अशा रेणूंना बाहेर काढायचं काम मुख्यतः यकृताचं. तेलात विरघळणारा रेणू लघवीतून सहज जात नाही. म्हणून यकृत त्याला ग्लुकुरोनिक आम्लाचा एक तुकडा जोडून पाण्यात विरघळण्याजोगा करतं. ही जोडणी करणाऱ्या विकरांपैकी (एन्झाइमांपैकी) एकाचं नाव यूजीटी1ए6. माणसात ते काम करतं, कुत्र्यातही करतं. मांजरात त्याचं जनुक आहे, पण ते मोडलेलं आहे. त्यातून कामाचं विकर तयारच होत नाही. 2000 साली हे स्पष्ट झालं आणि पशुवैद्यांना आधीपासून ठाऊक असलेल्या एका गोष्टीचं कारण सापडलं: आपल्याला चालणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव का घेऊ शकते. पुढे मार्जारकुळातल्या इतर जातीही तपासल्या गेल्या, आणि सिंहापासून चित्त्यापर्यंत सगळ्यांत हे जनुक बिघडलेलंच निघालं. संशोधकांचा तर्क मला पटतो. लाखो वर्षं निव्वळ मांसावर जगणाऱ्या प्राण्याच्या पोटात वनस्पतींची विषं फारशी जातच नव्हती. न लागणारं जनुक मोडलं तरी त्याची झळ कुणाला बसली नाही.

ती झळ आता, आपल्या घरात बसते. लवंगेतला युजेनॉल, ओव्यातला थायमॉल, ओरेगॅनोतला कार्व्हाक्रॉल हे सगळे फिनॉल जातीचे रेणू, म्हणजे मांजराच्या यकृताला नेमके जड जाणारे. विंटरग्रीन नावाच्या झुडपाचं तेल तर जवळजवळ पूर्ण मिथाइल सॅलिसिलेट असतं, ॲस्पिरिनचं सख्खं भावंड. त्याच्या एका चमचाभर तेलात नेहमीच्या 325 मिलिग्रॅमच्या वीसेक ॲस्पिरिन गोळ्यांइतकं सॅलिसिलेट भरतं. ते अंगातून निम्मं कमी व्हायला कुत्र्याला जेवढे तास लागतात, त्याच्या सुमारे चौपट मांजराला लागतात. म्हणून मांजराच्या बाबतीत ‘थोडंसंच लावलं’ याला फारसा अर्थ उरत नाही. आधीचं बाहेर पडायच्या आत दुसऱ्यांदा लावलं की साठा वाढतच जातो.

त्यात मांजराची सवय. दिवसाचा बराच वेळ ते अंग चाटत बसतं. त्वचेवर लावलेलं तेल त्वचेतूनही जातं आणि जिभेवरूनही. हवेत पाण्याचे बारीक तुषार उडवणाऱ्या डिफ्यूझरकडे इथे खास लक्ष द्यायला हवं. त्या तुषारांबरोबर तेलाचे सूक्ष्म थेंब उडतात, खाली येऊन केसांवर बसतात आणि संध्याकाळी चाटून पोटात जातात. आपल्याला मात्र फक्त वास दरवळल्यासारखा वाटतो. पक्ष्यांची गोष्ट तर याहून नाजूक आहे. त्यांच्या फुप्फुसांत हवा एकाच दिशेने सतत वाहते आणि जोडीला वायुकोश असतात. हवेतलं काहीही त्यांच्या रक्तात आपल्यापेक्षा फार कार्यक्षमतेने पोचतं. पोपट किंवा लव्हबर्ड असलेल्या खोलीत डिफ्यूझर लावूच नये, या मताचा मी आहे.

मग मांजरं कॅटनिप नावाच्या वनस्पतीवर लोळतात, त्याचं काय? या प्रश्नाचं उत्तर फार सुंदर आहे. 2021 मध्ये जपानच्या इवाते विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की कॅटनिपसारखीच मांजरांना भुरळ घालणाऱ्या सिल्व्हर व्हाइन या वनस्पतीतल्या द्रव्याने मांजराच्या शरीरात बीटा-एंडॉर्फिन वाढतं, म्हणजे त्याला खरोखरच सुख लाभतं. आणि पानांवर डोकं घासलेल्या मांजराच्या अंगावर डास कमी बसतात. म्हणजे मांजर स्वतःहून वनस्पतीचं सुगंधी द्रव्य अंगाला फासतं! पण ते पान चुरडतं, बाटली उपडी करत नाही. द्रव्य किती घ्यायचं आणि कधी उठून जायचं, हे तेच ठरवतं.

कुत्र्यांच्या बाबतीत चित्र थोडं उजळ आहे. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या डेबोरा वेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये निवारागृहातल्या 55 कुत्र्यांच्या आसपास वेगवेगळे वास दरवळत ठेवले. लव्हेंडर आणि कॅमोमाइलच्या वासात कुत्रे जास्त वेळ पडून राहिले, कमी भुंकले. रोझमेरी आणि पेपरमिंटच्या वासात उलट झालं, त्यांची हालचाल आणि भुंकणं वाढलं. पुढच्या वर्षी, गाडीत बसलं की बेभान होणाऱ्या 32 कुत्र्यांवर लव्हेंडरचा प्रयोग झाला आणि तिथेही ते जास्त शांत बसले. हे प्रयोग लहान आहेत, आणि ‘शांत पडून राहणं’ म्हणजे ‘भीती गेली’ असंच नसतं. तरीही त्यांत तथ्य आहे असं मला वाटतं.

याला जोडून 2018 चा उंदरांवरचा एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. लव्हेंडरमधल्या लिनालूलच्या वासाने उंदरांची अस्वस्थता कमी झाली. पण ज्यांची वास घेण्याची क्षमता काढून टाकली होती, त्यांच्यावर काहीच परिणाम झाला नाही. निदान या द्रव्याचा शांतवणारा परिणाम नाकाच्या वाटेने होतो. कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी वीस कोटींहून जास्त, आपल्या नाकात जेमतेम पन्नास-साठ लाख. आपल्याला जाणवेल न जाणवेल एवढा वास त्याला भरपूर होतो. तेव्हा शांत करण्यासाठी तेल कुत्र्याच्या अंगाला चोळण्याचं कारणच उरत नाही. दुसऱ्या खोलीत रुमालावर एक थेंब, दार उघडं, आणि कुत्रा उठून लांब गेला तर त्याचं म्हणणं ऐकायचं.

त्वचेच्या आजारांवर टी ट्रीचं 10 टक्क्यांचं मलम कुत्र्यांवर वापरून पाहिलं गेलं आणि त्याचा गुणही दिसला. पण ते ठरलेल्या प्रमाणात बनवलेलं औषध होतं, पशुवैद्याच्या देखरेखीखाली दिलेलं. घरी अंदाजाने मिसळलेल्या तेलाला ते प्रमाणपत्र लागू होत नाही.

पिसवांसाठी मात्र सुगंधी तेलांच्या वाटेला जाऊच नका. पिसवा पळवायला पेनिरॉयल नावाच्या पुदिन्याच्या भाईबंदाचं तेल एका कुत्र्याला चोळलं होतं. 1992 मध्ये पशुवैद्यकीय नियतकालिकात त्याच्या मृत्यूची नोंद छापून आली. त्या तेलातल्या प्युलेगॉनपासून यकृतातच जास्त घातक द्रव्यं तयार होतात आणि यकृताच्या पेशी मरतात. म्हणजे निचरा करणारं यंत्र चांगलं चालत असूनही, किंबहुना चालतं म्हणूनच, घात होतो. पिसवांवर आज चाचण्यांतून पार पडलेली, प्राण्याच्या वजनानुसार मात्रा ठरवलेली औषधं मिळतात. ती सोडून हा धोका पत्करण्यात काहीच शहाणपण नाही.

तेल अंगावर सांडलंच तर लक्षणांची वाट पाहू नका, कारण ती दिसायला कित्येक तास लागतात. भांडी घासायच्या सौम्य द्रव साबणाने केस धुवा, नुसत्या पाण्याने तेल निघत नाही. धुऊन होईपर्यंत प्राण्याला अंग चाटू देऊ नका. पोटात गेलं असेल तर ओकारी काढायला लावू नका. पातळ तेल उलटीबरोबर श्वासनलिकेत शिरलं तर फुप्फुसांना सूज येते. ताबडतोब पशुवैद्याला फोन करा आणि दवाखान्यात जाताना बाटली बरोबर घ्या. पेनिरॉयल असेल तर यकृत वाचवायला ॲसिटिलसिस्टीन द्यावं लागतं, विंटरग्रीन असेल तर उपचार सॅलिसिलेटच्या विषबाधेचे, आणि कापराचं तेल असेल तर आधी आचके आवरायची तयारी ठेवावी लागते. नुसत्या वासावरून यातलं काही ठरवता येत नाही.