कोडी म्हणजे जेलीफिन नाही: प्लेयर कुठला, सर्व्हर कुठला आणि आधी काय घ्यायचं

मुलुंडचा मामा परवा फोनवर म्हणाला, "अगं तू सांगितलंस तसं टीव्हीला कोडी लावलं, झकास चालतंय, आता तेच माझ्या मोबाईलवर कसं बघू?" मी म्हटलं मामा त्यासाठी जेलीफिन लागेल. "मग हे काय आहे, दोन्ही एकच ना?" एकच नाहीत. पण त्याची चूक नाही, दोन्ही आपल्याकडच्या फिल्म आणि घरचे व्हिडिओ बघायची सॉफ्टवेअर, दोन्हीकडे पोस्टरांच्या तशाच रांगा दिसतात, दोन्ही फुकट, दोन्ही ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना खुला, आणि घरच्या मीडिया सेंटरबद्दल कुठेही वाचायला गेलं तर दोन्ही नावं एका दमात घेतलेली असतात. आमच्या बिल्डिंगमधल्या दोन काकूंनी आणि ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी मला हेच विचारलंय, आणि यात गोंधळ झाला की माणूस चुकीचं मशीन घेऊन येतो आणि मग परत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात फेऱ्या, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

कोडी हा प्लेयर आहे. टीव्हीमागे एक छोटा डबा लावायचा, तो एचडीएमआयने टीव्हीला जोडायचा, कोडी त्या डब्यात चालतं, फाईल तोच डबा उघडतो, तोच डिकोड करतो म्हणजे उलगडतो आणि तयार चित्र टीव्हीला देतो. टीव्हीचं काम फक्त दाखवायचं. हे सॉफ्टवेअर २००२ मध्ये एक्सबॉक्स मीडिया प्लेयर म्हणून सुरू झालं, गेमिंगच्या डब्यावर सिनेमे बघता यावेत म्हणून, मग एक्सबॉक्स मीडिया सेंटर म्हणजे एक्सबीएमसी झालं आणि २०१४ मध्ये कोडी. नाव बदललं तरी मूळ स्वभाव तोच राहिलाय, एक डबा, एक टीव्ही, समोर सोफ्यावर बसलेली माणसं.

जेलीफिन हा सर्व्हर आहे, त्याला स्वतःचा पडदाच नसतो. कपाटावर किंवा राउटरच्या शेजारी एक कॉम्प्युटर कायम चालू, त्यात सगळ्या फाईली, कुठली फिल्म कोणी कुठपर्यंत बघितली त्याची नोंद, घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं, आणि मग टीव्ही, मोबाईल, टॅबलेट, ब्राउझर जो मागेल त्याला तो देतो. एम्बी नावाचा सर्व्हर आहे, त्याने २०१८ च्या शेवटी आपला कोड बंद केला, तेव्हा काही लोकांनी शेवटचा खुला कोड घेऊन वेगळी वाट धरली, ते जेलीफिन. प्लेक्सही याच जातीचं, म्हणजे सर्व्हर, आणि लोक गोंधळतात याचं एक कारण हेही असेल की प्लेक्सची सुरुवात एक्सबीएमसीच्याच कोडमधून मॅकसाठी झालेली.

आपल्या चाळीतल्या भाषेत सांगायचं तर कोडी म्हणजे मोरीतलं पिंप आणि जेलीफिन म्हणजे गच्चीवरची टाकी. पिंपातलं पाणी तिथेच जाऊन घ्यायचं, टाकीचं पाणी सगळ्या खोल्यांच्या नळांना येतं. फरक इतकाच की टाकी भरायला पंप लागतो, आणि पंपाची ताकद कमी पडली की वरच्या मजल्यावर बोंब, आणि सगळा खर्चाचा हिशोब याच पंपात आहे.

हा पंप म्हणजे ट्रान्सकोडिंग, व्हिडिओ उलगडून समोरच्याला चालेल अशा प्रकारात परत बांधणं, आणि याच्यावर मी जरा वेळ घेणार आहे. मामाच्या सतरा व्हिडिओ कॅसेटी आहेत, त्या आम्ही कॅप्चर कार्डने कॉम्प्युटरवर घेतल्या, एमपेग-२ या जुन्या व्हिडिओ प्रकारात, तासाला दोन-तीन जीबी. जुनं व्हिडिओ चित्र इंटरलेस्ड असतं, म्हणजे सेकंदाला ५० अर्धी अर्धी चित्रं, एकदा विषम ओळी, एकदा सम ओळी, आणि आजच्या टीव्हीवर ते नीट जोडून दाखवलं नाही तर नवरदेव हलला की त्याच्या फेट्याला कंगव्यासारख्या रेघा दिसतात. कोडी ते खेळवता खेळवताच जोडतं, फाईल एमपेग-२ असली काय आणि एमकेव्ही असली काय त्याला फरक पडत नाही, जवळपास काहीही दिलं तरी उघडतं. आता तीच फाईल मोबाईलच्या ब्राउझरवर पाठवायची म्हटलं तर ब्राउझरला एमपेग-२ येतच नाही, मग सर्व्हरला ती तिथल्या तिथे डिकोड करून, रेघा काढून, परत एच.२६४ या ब्राउझरला चालणाऱ्या प्रकारात बांधून पाठवायला लागते, आणि हे सगळं बघणाऱ्याच्या वेगाने, नाहीतर चित्र अडकतं. म्हणजे फाईल तीच, कॅसेट तीच, पण प्लेयरने उघडली तर फक्त उघडायचं काम आणि सर्व्हरने परक्या पडद्याला दिली तर उघडून परत शिजवायचं काम. जिथे समोरच्याला फाईल जशीच्या तशी चालते तिथे सर्व्हरला काही कष्ट नाहीत, नुसती उचलून द्यायची, याला डायरेक्ट प्ले म्हणतात, आणि जमेल तितकं सगळं डायरेक्ट प्ले व्हावं हीच आपली खटपट असावी.

म्हणून मशीन वेगळं. रास्पबेरी पाय हा छोटा बोर्ड प्लेयर म्हणून उत्तम आहे, त्यावर लिब्रेएलेक ही फक्त कोडीसाठी बनवलेली सिस्टीम टाकली की सुरू केल्याबरोबर थेट कोडीच येतं, टीव्हीच्याच रिमोटने चालतं कारण एचडीएमआयमधून रिमोटची बटणं डब्याला कळतात, सीईसी म्हणतात त्याला, घरातल्या मोठ्यांना दुसरा रिमोट शिकवावा लागत नाही. पण हाच पाय सर्व्हर म्हणून घेऊ नका, निदान २०२३ चा पाय ५ तरी नाही, त्यात व्हिडिओ बांधणारं हार्डवेअरच नाहीये, परत शिजवायचं काम आलं की सगळा भार प्रोसेसरवर. सर्व्हरसाठी इंटेलची एन१०० चिप असलेला मिनी पीसी बघा किंवा गेल्या सात-आठ वर्षांतला इंटेलचा जुना ऑफिस पीसी, त्यांच्यात क्विक सिंक असतं, ट्रान्सकोडिंग त्या वेगळ्या भागात होतं आणि प्रोसेसर मोकळा राहतो. बिलाचाही विचार करा कारण सर्व्हर चोवीस तास चालू असतो. १० वॅट खाणारा मिनी पीसी महिन्याला ७ युनिटच्या आसपास, ६० वॅट खाणारा जुना डेस्कटॉप ४३ युनिट. प्लेयर काय, टीव्ही बघायचा तेव्हाच लावा.

सबटायटलचं पण सांगते कारण मराठी लोकांना हे हमखास नडतं. साधी मजकुराची सबटायटल फाईल असेल तर ती युनिकोडमध्ये म्हणजे यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेली हवी आणि देवनागरी असलेला फॉन्ट निवडलेला हवा, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन किंवा भलतीच चिन्हं दिसतात, हे दोन्हीकडे सारखंच. पण डिस्कवरून आलेली सबटायटलं बऱ्याचदा मजकूर नसून चित्रं असतात, कोडी ती सरळ चित्रावर ठेवून दाखवतं, सर्व्हरच्या बाबतीत मात्र समोरच्या ॲपला ती जमली नाहीत तर सर्व्हर ती चित्रात भाजून पाठवतो, म्हणजे परत ट्रान्सकोडिंग. कितीतरी जण म्हणतात फिल्म चालते पण सबटायटल लावलं की अडकते, ते यामुळे.

आता स्मार्ट टीव्हीचा मुद्दा, ज्याच्या ॲपवर विसंबायला नको म्हणून खरं तर आपण हा डबा-सर्व्हरचा खटाटोप करतो. टीव्हीचा पॅनल दहा वर्षं टिकतो, त्यातल्या ॲपना काही वर्षांनी अपडेट येणं थांबतं, आणि पहिल्या पडद्यावर जाहिराती, हे सगळ्यांना माहीतच आहे. पण आपण काय बघतोय ते टीव्हीच पाहत असतो ही गोष्ट मला जास्त गंभीर वाटते. एसीआर नावाची सोय असते, ती पडद्यावरच्या चित्राचे ठसे घेऊन कंपनीकडे पाठवते. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीला १ कोटी १० लाख टीव्हींवरून न विचारता अशी माहिती गोळा केल्याबद्दल २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरायला लागले. आणि २०२४ मध्ये लंडन, कॅलिफोर्निया आणि माद्रिदच्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी तपासलं तर टीव्हीला नुसता मॉनिटर म्हणून एचडीएमआयवर वापरला तरी एसीआर चालूच होतं. म्हणजे बाहेरचा डबा लावला की सुटलो असं नाही! टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करायला लागतं, त्या संशोधनात बंद केल्यावर माहिती जाणं थांबलं होतं, आणि माझ्या मते त्याहून चांगलं म्हणजे टीव्हीला वायफायचा पासवर्डच द्यायचा नाही.

इथे प्लेयर आणि सर्व्हर यांच्यातला फरक एकदम महत्त्वाचा होतो, आणि हा मुद्दा मी कुणी नीट सांगितलेला बघितला नाही. नुसता जेलीफिन सर्व्हर लावलात आणि टीव्हीवर जेलीफिनचं ॲप टाकलंत, तर टीव्ही परत नेटवर्कवर आला. त्याला घरातला सर्व्हर दिसायला पाहिजे म्हणून वायफाय दिलं आणि त्याच वायफायवरून बाहेरची वाट पण मोकळी झाली. राउटरमध्ये टीव्हीचं बाहेरचं नेट अडवता येतं, पण सगळ्यांच्या राउटरला ते धड जमत नाही. प्लेयरला मात्र टीव्हीकडून एचडीएमआयची वायर सोडून काही नको. म्हणून हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला प्लेयरच, मग मागे सर्व्हर असो नसो, हे माझं ठाम मत आहे.

आणि दोघांचं भांडण नाहीच. जेलीफिन फॉर कोडी किंवा जेलीकॉन हे ॲडऑन म्हणजे कोडीत टाकायचा जोड टाकला की कोडी हाच सर्व्हरचा नळ होतो, फाईली टाकीतून, दाखवायचं काम कोडीचं, कुठपर्यंत बघितलं ते सर्व्हरकडे नोंद, तीच फिल्म आत मोबाईलवर पुढे सुरू. कोडीला स्वतःहून यूपीएनपीने, म्हणजे घरच्या नेटवर्कवर फाईल वाटायच्या एका पद्धतीने, दुसऱ्याला फाईल देता येते, दोन कोडींमध्ये काय बघितलं त्याच्या नोंदींचा डेटाबेस वाटता पण येतो, मी दोन्ही केलंय, पण त्यात शिजवून द्यायची सोय नाही आणि सांभाळायला कटकट आहे, दुसरा पडदा आला की सरळ सर्व्हर लावा.

बाहेरून बघायचं असेल तर ते फक्त सर्व्हरचं काम. मुंबईत केबलवाल्याचं नेट बहुतेक वेळा सीजीएनॅटच्या मागे असतं, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांमध्ये वाटलेला, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट म्हणजे बाहेरून आत यायची वाट उघडून उपयोग होत नाही, आणि झाला तरी सर्व्हर असा उघड्यावर ठेवू नये. टेलस्केल टाका, ते स्वतःच्या मशीनांचं खाजगी जाळं बनवणारं सॉफ्टवेअर आहे, वायरगार्ड या व्हीपीएन पद्धतीवर चालतं, तुमचीच मशीनं एकमेकांना दिसतात, बाकी जगाला नाही. प्लेक्सला हे आधीपासून सोपं होतं पण त्याला त्यांच्याकडचं खातं लागतं आणि २९ एप्रिल २०२५ पासून आपल्याच फाईली बाहेरून बघायला पैसे पडतात, जेलीफिनला ना कंपनीकडचं खातं ना पैसे.

एक गोष्ट दोन्हींना जमत नाही ती म्हणजे ओटीटी. नेटफ्लिक्ससारख्या ॲपना एचडीसाठी वाइडवाइन एल१ म्हणजे कॉपी रोखणाऱ्या कुलुपाची वरची मान्यता असलेला डबा लागतो, घरी बनवलेल्या पाय वगैरेला ती नसते, चित्र धुरकट येतं. त्यासाठी ओळखीच्या कंपनीची स्टिक वेगळ्या एचडीएमआयला लावा. पण "सगळं भरून दिलेलं कोडी" म्हणून जे बिननावाचे अँड्रॉइड डबे विकतात त्यांच्यापासून लांब राहा, कोडी मुळात रिकामंच येतं, त्यात भरलेलं असतं ते चोरीचं, आणि अशा स्वस्त डब्यांत कारखान्यातूनच मालवेअर येतं याबद्दल एफबीआयने जून २०२५ मध्ये बॅडबॉक्स २.० च्या नावाने इशारा दिलाय.

घरच्या व्हिडिओंना इंटरनेटवरून माहिती शोधायला लावू नका, कॅसेटीचं नाव "मंगल" असलं तर कुठल्या तरी फिल्मचं पोस्टर चिकटतं. जेलीफिनमध्ये होम व्हिडिओची वेगळी लायब्ररी करा. कोडीत तीच माहिती एनएफओ फाईलमध्ये हाताने लिहून व्हिडिओच्या शेजारी ठेवता येते, ती साधी मजकुराची फाईल असते, त्यामुळे उद्या दोन्ही सॉफ्टवेअर बदलली तरी नावं, तारखा, कोण कोण दिसतंय ते आपल्याकडे राहतं. आणि सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, ती डिस्क दुसऱ्या घरी. मुंबईच्या हवेत कॅसेटला बुरशी लागते, मामाच्या तीन कॅसेटींवर पांढरी पूड आली होती, त्या साफ करून घेतल्याशिवाय व्हीसीआरमध्ये घालू नका, हेड खराब होतं आणि पुढची कॅसेट पण जाते.

मामाला शेवटी असं सांगितलं की हॉलमधलं कोडी आहे तसंच राहू दे, टीव्हीचं वायफाय काढ, आणि बेडरूमच्या माळ्यावर एक एन१०० ठेवू, त्यावर जेलीफिन. गेल्या रविवारी जाऊन लावून आले. बोरिवलीच्या मावशीच्या टॅबलेटवर टेलस्केल टाकून दिलं, तर ती रात्री साडेअकरापर्यंत १९९३ ची मुंज बघत बसली आणि मला फोन, मांडवाच्या कोपऱ्यात निळ्या साडीत उभी आहे ती कोण गं. मला कुठून माहीत असणार, मी तेव्हा दोन वर्षांची. आईला विचारलं, ती पेणची सुमनआत्या. आईला आठवतंय तोवर एकेक कॅसेट तिच्यासोबत बघायची आणि नावं एनएफओमध्ये घालायची असं ठरवलंय, दोन झाल्या, पंधरा राहिल्यात.