अरबी समुद्रातले पक्षी आणि बोटीवरची दुर्बीण

मांडव्याच्या लाँचमागे खाऊसाठी कल्ला करणारे कुरव (सीगल) हेच मुंबईकराचे समुद्रपक्षी. ते हिवाळ्यापुरते येतात आणि सहसा किनारा सोडत नाहीत. शिअरवॉटर, पेट्रेल, बूबी हे खरे दर्यावर्दी मात्र जमीन नजरेआड झाल्यावरच दिसू लागतात. त्यातही त्यांचा हंगाम म्हणजे ऐन पावसाळा. नैर्ऋत्य वाऱ्यांमुळे ओमान-सोमालियाच्या किनाऱ्याजवळ खोलातलं थंड, सकस पाणी वर येतं, मासळी वाढते आणि पार अंटार्क्टिकात घरटी करणारा विल्सनचा स्टॉर्म पेट्रेलही इकडे पोचतो. नेमक्या त्याच दिवसांत आपल्या होड्या शाकारलेल्या असतात. पूर्वी नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यावर जायचं नाही हा रिवाज होता, आता १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदीच आहे.

म्हणून या पक्ष्यांच्या सुरुवातीच्या लेखी नोंदी परक्या जहाजांवरून झाल्या. १८७२मध्ये ब्रिटिश अधिकारी आणि पक्षीअभ्यासक अ‍ॅलन ह्यूम कराचीहून मकरान किनाऱ्याने मस्कतकडे गेला, आणि पर्शियन शिअरवॉटरचं शास्त्रीय वर्णन त्याच्या नावावर लागलं. (हाच ह्यूम पुढे १८८५च्या मुंबईतल्या पहिल्या काँग्रेस अधिवेशनामागे होता. आपल्याला तेवढाच आठवतो.) त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे आधी मारायचा. धावत्या आगबोटीवरून ते जमणार कसं? सुएझ कालवा १८६९मध्ये खुला झाल्यावर मुंबई-एडन वाट गजबजली, १८८३मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीही (बीएनएचएस) स्थापन झाली, पण कठड्याशी उभ्या प्रवाशाच्या हाती धड पुस्तक नव्हतं. ते १९२८मध्ये आलं: डब्ल्यू. बी. अलेक्झांडर यांनी जगभरच्या समुद्रपक्ष्यांवर प्रवाशांसाठीच लिहिलेलं. महायुद्धानंतर, १९४६मध्ये, ब्रिटिश नौदलातल्या पक्षीवेड्यांनी संस्था काढली आणि जहाजांवरच्या नोंदी एका जागी जमू लागल्या.

तरी घोळ संपला नाही. जुआनिनचा पेट्रेल हा अरबी समुद्रातलाच पक्षी, पण वेगळी जात म्हणून त्याचं वर्णन थेट १९५५मध्ये झालं. त्याआधी कितीजणांच्या डोळ्यांसमोरून तो गेला असेल कोण जाणे. दुरून तो नुसता काळपट, लांब शेपटीचा. वेज-टेल्ड शिअरवॉटरही तसाच. फ्लेश-फूटेड शिअरवॉटर त्यातल्या त्यात सोपा, कारण त्याची चोच फिकी, टोकाला काळी आणि पाय गुलाबी. अर्थात डुलत्या डेकवर, काचेवर खारे शिंतोडे उडालेले असताना चोचीचा रंग दिसणं नशिबाचं. जाणकार आधी उडण्याची ढब बघतात: शिअरवॉटर ताठ पंखांनी कलत, लाटेला पंखाचं टोक लागेल इतका खाली तरंगतो, विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल पाय खाली सोडून पाण्यावर थुईथुई चालल्यासारखा करतो आणि वळला की कमरेवरचा पांढरा पट्टा चमकतो.

मुंबईत बसून हे पाहायला मिळत नाही, आणि त्याला भूगोलही कारणीभूत आहे: हे पक्षी खोल पाण्यावरचे, आणि मुंबईसमोर समुद्र दूरवर उथळच. १९७४मध्ये जिथे तेल लागलं ते बॉम्बे हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, पण तिथेही पाणी साधारण ७५ मीटरच. दक्षिणेकडे हे उथळ पाणी लवकर संपतं, म्हणून कर्नाटक-केरळमधून होडी भाड्याने घेऊन एका दिवसात असे पक्षी पाहून परतता येतं. मुंबईच्या वाट्याला येतात ते वादळाने किनाऱ्यावर फेकलेले, थकून वाळूत बसलेले बूबी. बाकी सगळी मजा मालवाहू जहाजांवरच्या अधिकाऱ्यांची.