रीझन कोड १६ च्या मागची गोष्ट : सर्टिफिकेटचं लॉगिन आणि दोन-तीन डोमेनचा गुंता

फेब्रुवारी २०२५ मधे नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात सेकंड शिफ्ट सुरू होता होता स्टोअरमधून फोन आला, "सर, स्कॅनर वायफायला लागत नाहीयेत, तिघांचे लागतात अन् दोघांचे नाही." एनपीएसच्या (वायफायवर कोणाला घ्यायचं ते ठरवणारा विंडोजचा सर्व्हर) लॉगमधे इव्हेंट ६२७३, म्हणजे प्रवेश नाकारला, रीझन कोड १६. त्याचा मजकूर वाचला तर हसावं की रडावं कळत नाही, कारण तो म्हणतो युजरनेम कुठल्या अकाउंटशी जुळत नाही किंवा पासवर्ड चुकीचा आहे, आणि इथे तर पासवर्डच नाही, सगळं ईएपी-टीएलएसवर, म्हणजे पासवर्डऐवजी सर्टिफिकेट दाखवून लॉगिन. सर्टिफिकेट मुदतीत होतं, चेन (सर्टिफिकेट देणाऱ्यांची साखळी) बरोबर होती, सीआरएल (रद्द सर्टिफिकेटांची यादी) उघडत होतं, नाशिक-पुण्यातला ट्रस्ट (एकाच्या लॉगिनवर दुसऱ्याने ठेवलेला भरवसा) व्हॅलिडेट केला तर तोही आलबेल. अडलेले दोन्ही स्कॅनर सिन्नरच्या प्लांटमधून आणलेले होते आणि त्यांची अकाउंट पुण्याच्या फॉरेस्टमधे (एकत्र बांधलेल्या डोमेनचा गट; डोमेन म्हणजे कंपनीच्या अकाउंटचं एक गाव) होती, एवढाच काय तो फरक.

हे असं का होतं ते समजायला थोडं मागे जावं लागतं, फार नाही.

मुळात सर्टिफिकेट हे डिरेक्टरीचंच, म्हणजे सगळ्या अकाउंटच्या नोंदवहीचंच लेकरू. १९८८ साली एक्स.५०९ हे सर्टिफिकेटचं स्टँडर्ड आलं ते एक्स.५०० नावाच्या डिरेक्टरीत शिरणाऱ्याची ओळख पटवायला, म्हणजे दोघं एकाच घरातले. पुढे नव्वदच्या दशकात ते वेबवर गेलं आणि तिथे त्याच्यावर वेबसाइटचं नाव नाहीतर इमेल आयडी छापायची सवय लागली. डिरेक्टरी तिकडे वेगळ्या वाटेने वाढली, विंडोजच्या डोमेनमधे खरी ओळख नावाने नसतेच, ती एसआयडीने असते, म्हणजे अकाउंटला मिळालेल्या नंबराने. नाव बदला, आडनाव बदला, एसआयडी तोच. सातबाऱ्यासारखंच आहे हे, निफाड तालुक्यात एका नावाचे तीन चुलतभाऊ सापडतील पण गट नंबर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तर सर्टिफिकेटवर फक्त नाव आणि अकाउंटला नंबर, ही फट तेव्हापासूनची आहे. एकच डोमेन असेल तर ती जाणवतही नाही, कारण त्या गावात त्या नावाचा एकच माणूस असतो.

विंडोज एनटीच्या काळात ट्रस्ट एकतर्फी असायचा, हाताने बांधायचा, आणि अ चा ब वर, ब चा क वर म्हणून अ चा क वर असं काही नसायचं. २००० साली विंडोजची अॅक्टिव्ह डिरेक्टरी आली आणि एका फॉरेस्टच्या आत सगळे ट्रस्ट आपोआप, दोन्हीकडून आणि पुढे झिरपणारे झाले. दोन फॉरेस्टमधला तसा ट्रस्ट मिळायला २००३ उजाडलं. इकडे रेडियसचं (नेटवर्कवर येणाऱ्याची ओळख सर्व्हरला विचारायची पद्धत) पहिलं आरएफसी, म्हणजे स्टँडर्डचा कागद, १९९७ चं, ईएपी-टीएलएस १९९९ चं, ८०२.१एक्स (ओळख पटेपर्यंत नेटवर्कचं दार बंद ठेवणारं) २००१ चं. हे सगळं वेगवेगळ्या मंडळांनी वेगवेगळ्या कारणांसाठी केलेलं आहे, आपण ते एका रॅकमधे आणून बसवलं. २००८ ला आयएएस या विंडोजच्या रेडियस सर्व्हरचं एनपीएस झालं पण डिरेक्टरीतल्या ग्रुपचं नाव अजून 'आरएएस अँड आयएएस सर्व्हर्स' असंच आहे, नवीन पोरं सर्च करत बसतात. आणि तो ग्रुप प्रत्येक डोमेनचा वेगळा असतो, नाशिकच्या सर्व्हरला पुण्याच्या अकाउंटची डायल-इन प्रॉपर्टी (नेटवर्कवर यायची परवानगी आहे का ते) वाचायची तर पुण्याच्या ग्रुपमधेही घालावं लागतं. निम्मी जनता इथेच अडकते.

'ट्रस्ट' या शब्दाने पण बरीच वाट लावलीये. डोमेनचा डोमेनवर असतो तो एक ट्रस्ट, सर्टिफिकेटच्या रूटवर (साखळीच्या टोकाच्या सीएवर; सीए म्हणजे सर्टिफिकेट देणारा) असतो तो दुसरा, आणि त्या सीएने दिलेल्या सर्टिफिकेटवर लॉगिन करू द्यायचं की नाही हे ठरवणारं एनटीऑथ स्टोअर हा तिसरा. फॉरेस्ट ट्रस्ट जोडला की पहिला झाला, बाकीचे दोन आपोआप येत नाहीत. एनटीऑथ प्रत्येक फॉरेस्टच्या कॉन्फिगरेशनमधे वेगळं असतं, समोरच्याची इश्युइंग सीए तिथे सर्टयुटिल या कमांडने हाताने पब्लिश करावी लागते. मीटिंगमधे कोणी "ट्रस्ट आहे ना, मग का चालत नाही" म्हणालं की कुठला ट्रस्ट हे आधी विचारायचं, अर्धा तास वाचतो.

युपीएनची, म्हणजे इमेलसारख्या दिसणाऱ्या लॉगिन नावाची, भानगड नंतरची. मेल क्लाउडवर गेले तसं सगळ्यांनी युपीएनला इमेलचाच सफिक्स (@ च्या पुढचा भाग) लावला, लॉगिन आणि मेल एकच, युजर खूश. पण दोन फॉरेस्टनी तोच सफिक्स लावला तर ट्रस्टवरच्या नेम सफिक्स रूटिंगमधे (कुठला सफिक्स कुठल्या फॉरेस्टकडे पाठवायचा ते) कॉन्फ्लिक्ट येतो आणि तो सफिक्स एकाच बाजूला जातो. मग सर्टिफिकेटवरचं नाव घेऊन सर्व्हर चुकीच्या गावात शोधतो आणि रीझन कोड ८ देतो, असा युजरच नाही. युजर असतो, शेजारच्या गावात. यावर जुना उतारा म्हणजे मधे रेडियस प्रॉक्सी बसवायचा आणि प्रत्येक फॉरेस्टची रिक्वेस्ट त्याच्या त्याच्या सर्व्हरकडे वळवायची, अजूनही वाईट नाही.

आता मुख्य मुद्दा. १० मे २०२२.

मायक्रोसॉफ्टच्या त्या दिवशीच्या पॅचने नाव आणि नंबरमधली ही फट बुजवायला घेतली. एका संशोधकाने दाखवलं होतं की डोमेनमधला साधा युजर (डिफॉल्टमधे त्याला १० मशीन जोडता येतात) एक कॉम्प्युटर अकाउंट बनवतो, त्याचं डीएनएस नाव बदलून डोमेन कंट्रोलरचं (डीसी, डोमेनची अकाउंट सांभाळणारा सर्व्हर) ठेवतो, त्या नावाचं सर्टिफिकेट काढतो आणि डीसी म्हणून आत शिरतो. शिवाय मशीन अकाउंटच्या नावाशेवटी जे डॉलरचं चिन्ह असतं ते नीट धरलं जात नव्हतं, त्यातूनही एकाच्या नावावर दुसरा खपत होता. म्हणजे प्रश्न खरा होता, गंभीर होता, त्यावर वाद नाही. उपाय असा केला की एंटरप्राइज सीए (डिरेक्टरीला जोडलेली कंपनीची स्वतःची सीए) यापुढे सर्टिफिकेटमधे अकाउंटचा एसआयडी एका नवीन एक्स्टेन्शनमधे टाकेल (१.३.६.१.४.१.३११.२५.२, हा आकडा आता पाठ झालाय) आणि डीसी तो जुळतोय का ते बघेल. नाव पुरेसं नाही, नंबर दाखवा.

पहिला दणका लगेच बसला. डीसीवर पॅच गेला आणि एनपीएस, रेडियस, ईएपी यांची लॉगिन ठिकठिकाणी पडली, १९ मेला वेगळा पॅच काढावा लागला. मग सक्तीची तारीख ९ मे २०२३ होती ती १४ नोव्हेंबर २०२३ झाली, ती परत सरकून ११ फेब्रुवारी २०२५ झाली, आणि कॉम्पॅटिबिलिटी मोडला, म्हणजे एसआयडी नसला तरी चालवून घेण्याला, परत जायची रजिस्ट्रीतली पळवाट सप्टेंबर २०२५ मधे बंद झाली. यावर दोन तट आहेत. एक म्हणतो तीन वर्षं दिली होती, झोपला होतात का. दुसरा म्हणतो ज्यांचं सगळं एका डोमेनमधे आणि ऑटोएनरोलमेंटवर (सर्टिफिकेट आपोआप मिळतं) आहे त्यांना काहीच करावं लागलं नाही, सर्टिफिकेट रिन्यू होताना एसआयडी आपोआप आला, भार सगळा आमच्यासारख्यांवर पडला. मी दुसऱ्या तटात आहे, लपवत नाही. कारण मोबाइल आणि स्कॅनरची सर्टिफिकेटं एमडीएममधून (ही उपकरणं दुरून सांभाळणारं सॉफ्टवेअर) येतात, तिथे नाव मागणारा स्वतः भरतो, अशा टेम्प्लेटला सीए ते एक्स्टेन्शन घालतच नाही. आणि २०२२ मधेच विंडोज ११ च्या २२एच२ मधे क्रेडेन्शियल गार्ड (साठवलेले पासवर्ड राखणारी सोय) बाय डिफॉल्ट चालू करून पीईएपी-एमएसचॅपव्ही२ चं, म्हणजे पासवर्डवर आपोआप होणारं, लॉगिन मोडलं (ते प्रोटोकॉल २०१२ पासूनच फोडलेलं होतं, त्यामुळे रडण्यात अर्थ नाही), म्हणजे एका हाताने सर्टिफिकेटकडे ढकलायचं आणि दुसऱ्या हाताने त्याच दाराला कुलूप.

एकापेक्षा जास्त डोमेनवाल्यांना यात सगळ्यात जास्त छळलं ते लॉग कुठे बघायचा या गोष्टीने. एनपीएसवर फक्त १६ दिसतो. खरं कारण दिसतं ते ज्या डोमेनमधे अकाउंट आहे तिथल्या डीसीच्या सिस्टिम लॉगमधे, आणि ज्या डीसीकडे रिक्वेस्ट गेली त्याच्यावरच. ३९ म्हणजे सर्टिफिकेटचं पक्कं मॅपिंग (अकाउंटशी जोडणी) नाही, ४० म्हणजे सर्टिफिकेट अकाउंटच्या आधीचं आहे, ४१ म्हणजे सर्टिफिकेटमधला एसआयडी दुसऱ्याचा आहे. कंपनी विकली गेली, अकाउंट नव्या फॉरेस्टमधे नव्याने बनवली आणि लॅपटॉपवर सर्टिफिकेट जुनंच राहिलं की ४० आणि ४१ हमखास, कारण नव्या घरात माणूस तोच असला तरी नंबर नवा असतो. नाशिकला बसून पुण्याच्या डीसीचा लॉग बघायचा हक्क आम्हाला नव्हता. तिकीट टाकलं, उत्तर आलं "एनपीएस तुमच्याकडे आहे, आमच्याकडे एरर नाही". एरर होता, ३९, दर स्कॅनरमागे एक, फक्त एव्हाना पुण्याच्या डीसीवर सक्ती चालू झाली होती आणि आमच्या डीसीवर पॅच अजून टाकलाच नव्हता, म्हणून तीन चालत होते आणि दोन नाही.

तात्पुरता उपाय म्हणजे अकाउंटच्या आल्टसिक्युरिटीआयडेंटिटीज या अॅट्रिब्यूटमधे हाताने मॅपिंग लिहायचं. इमेलवरचं किंवा नुसत्या सब्जेक्टवरचं मॅपिंग आता कच्चं धरतात, पक्कं म्हणजे इश्युअर आणि सिरियल नंबर, नाहीतर की आयडेंटिफायर, नाहीतर पब्लिक कीचा हॅश. आणि सिरियल नंबर उलटा लिहायचा. उलटा म्हणजे अक्षरं नाही, बाइटच्या जोड्या, सर्टिफिकेटवर ४एफ००१२ दिसत असेल तर १२००४एफ, २१००एफ४ नाही. इश्युअरचं नावही उलट्या क्रमाने. त्या रात्री पुण्याच्या अॅडमिनने फोनवर मी सांगतोय तसं टाइप केलं, पहिल्या स्कॅनरचा नंबर सरळ उलटा करून टाकला, परत ३९, मग जोड्या पाडून वाचून दाखवल्या, "चार एफ, शून्य शून्य, एक दोन, आता मागून लिहा दादा", तेव्हा साडेनऊला पहिला स्कॅनर लागला. अर्थात सर्टिफिकेट रिन्यू झालं की सिरियल बदलतो आणि हे सगळं परत करायचं.

नंतर एमडीएमच्या प्रोफाइलमधेच एसआयडी सॅनमधे (सर्टिफिकेटवरचा जादा नावांचा रकाना) भरायची सोय केली आणि सगळ्या स्कॅनरची सर्टिफिकेटं नव्याने काढली. सिन्नरचे दोन स्कॅनर आता कुठल्याही प्लांटमधे लागतात. फक्त एक जुना लॅपटॉप आहे क्वालिटीवाल्यांचा, डोमेन बदललं तेव्हा मालक सुट्टीवर होता, त्याचा ४१ अजून येतो.