बांधावरचं बॅटरीचं गणित

पावसाळ्याच्या तोंडावर वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतला आडसाली ऊस माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर गेलेला असतो. पाठीवर पंप घेऊन त्यात शिरायचं तर पात्यांनी हात-मान कापून निघते आणि वर मारलेलं औषध स्वतःच्याच अंगावर गळतं. २००२ मध्ये लोकरी मावा ही उसाची कीड आली ती सांगली जिल्ह्यात आधी दिसली. तेव्हा एवढ्या उंच पिकाच्या शेंड्यापर्यंत औषध पोचवायचं कसं, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. आज ते काम ड्रोन करतो. दहा लिटरची टाकी घेऊन उठतो आणि सात-आठ मिनिटांत एकरभर फवारून खाली येतो. जिथे माणसाला शे-दोनशे लिटर पाणी लागायचं, तिथे आठ-दहा लिटरमध्ये भागतं. माणूस विषारी फवाऱ्यापासून लांब, बांधावर उभा राहतो. माझ्या दृष्टीने हाच या यंत्राचा सगळ्यात मोठा उपकार आहे.

पण सात-आठ मिनिटांनी तो खाली येतो, तो फक्त टाकी संपली म्हणून नव्हे. बॅटरीही संपत आलेली असते. दिवसभरात किती एकर होणार हे ड्रोनच्या वेगावर फारसं ठरत नाही. ते ठरतं रिकामी बॅटरी किती लवकर पुन्हा कामाला लागते यावर.

मग मोठी बॅटरी का नाही बसवायची? हा प्रश्न बहुतेक शेतकरी पहिल्यांदा विचारतात आणि तो अगदी बरोबर आहे. औषधासह सुमारे २५ किलो वजनाचा ड्रोन घेऊ. एवढं वजन हवेत नुसतं तोलून धरायला साडेतीन किलोवॅटच्या आसपास शक्ती लागते, म्हणजे विहिरीवरच्या पाच एचपीच्या मोटरीएवढी. त्याच्या पोटाशी ४४ व्होल्टचा, १६ अँपिअर-तासांचा बॅटरीचा सेट असतो. गुणाकार केला की सुमारे ७१० वॉट-तास होतात (हजार वॉट-तास म्हणजे बिलावरचं एक युनिट). त्यातला पाचवा हिस्सा राखून ठेवावा लागतो, कारण लिथियमची बॅटरी पार कोरडी केली तर ती कायमची खराब होते. उरलेल्या ५७० वॉट-तासांत ड्रोन नऊ-दहा मिनिटं हवेत राहतो. वळणं आणि उतरणं धरून फवारणीला सात-आठ मिनिटं मिळतात.

आता आणखी एक तसाच सेट बांधला असं समजा. त्याचं वजन साधारण चार किलो. ड्रोन २५ चा २९ किलोचा झाला. हवेत तरंगायला लागणारी शक्ती वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, ती वजनाच्या दीडाव्या घातात वाढते. वजन १६ टक्क्यांनी वाढलं की शक्तीची गरज २५ टक्क्यांनी वाढते. ऊर्जा दुप्पट घेऊन वेळ मात्र १.६ पटच मिळाला. शिवाय २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतचा ड्रोन ‘लहान’ गटात मोडतो. त्यापुढे गेला की ‘मध्यम’ गट आणि त्याचे वेगळे सोपस्कार. नियमात राहायचं तर चार लिटर औषध कमी न्यायचं, म्हणजे एकर पुरा व्हायच्या आतच टाकी रिकामी. म्हणून टाकी आणि बॅटरी साधारण एकाच वेळी संपतील असं हे यंत्र बेतलेलं असतं. उतरला की दोन्ही कामं एकदम.

बॅटरी बदलायला मिनिट पुरतं. भरायला किती लागतं, खरी मेख तिथे आहे. चार्जिंगचं वर्णन चक्क एसटीच्या भाषेत करता येतं. सांगली स्टँडवर गाडी लागते तेव्हा पहिली तीस माणसं पटापट चढून बसतात. शेवटच्या दहांना मधल्या गर्दीतून वाट काढत जागा शोधावी लागते. बॅटरीत लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, ग्राफाइटच्या थरांत असेच जाऊन बसतात. म्हणून चार्जर आधी ठरलेला प्रवाह जोरात देतो आणि सेटमधला प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला पोचला की प्रवाह हळूहळू कमी करत नेतो. घाई करून आयन आत ढकलले, तर ज्यांना आत जागा मिळत नाही ते दारातच लटकतात. ग्राफाइटच्या पृष्ठभागावर लिथियम धातूचा लेप चढतो. त्या लेपाला सुईसारखे कोंब फुटतात. एखादा कोंब आतला पातळ पडदा भेदून पलीकडे पोचला की सेलच्या आतच शॉर्ट होतो आणि आग लागते.

उष्णता हा दुसरा शत्रू. उतरलेल्या ड्रोनची बॅटरी हाताला चांगलीच भाजते. ४५ अंशांच्या वर तापलेला सेल चार्जला लावू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. आटपाडी-जतकडे उन्हाळ्यात हवाच चाळिशीला टेकते, मग बॅटरी निवणार कधी? पुष्कळ ठिकाणी ती तशीच गरम चार्जरला जोडली जाते. पंधरा-वीस दिवसांनी बॅटरी फुगली म्हणून तक्रार होते आणि दोष कंपनीला दिला जातो.

आता हे आकडे एकत्र मांडून पाहू. उड्डाण आठ मिनिटं, उतरणं-औषध भरणं-सेट बदलणं चार मिनिटं, म्हणजे दर बारा मिनिटांना एक ताजा सेट हवा. वेगवान चार्जरवर अर्धा-पाऊण तासाच्या मध्ये कुठेतरी चार्ज पुरा होतो. त्याआधी निवायला पंधरा मिनिटं. दोन्ही मिळून सुमारे ४८ मिनिटं. ४८ ला १२ ने भागलं की चार. चार सेट जमिनीवर कुठल्या ना कुठल्या टप्प्यात आणि एक हवेत. एकूण पाच. केंद्र सरकारच्या नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचत गटाला जो संच मिळतो त्यात मूळ सेटशिवाय चार जादा बॅटरी सेट आणि वेगवान चार्जर असतात, दिवसाला २० एकर सहज व्हावेत हा त्यामागचा हेतू. साधा, तासाभराचा चार्जर लावला तर तेच काम आठ सेट मागतं. चार्जरवर वाचवलेले पैसे बॅटऱ्यांवर दुपटीने जातात.

वीज किती लागते? वीस एकरांना बारा-तेरा युनिट. एवढ्या विजेचं बिल म्हणजे काहीच नव्हे. अडचण वेगळी आहे. कुठल्याही क्षणी तीन सेट चार्जिंगला असतात आणि तीन किलोवॅटच्या वर सलग भार पडतो. शेतीच्या लाईनला लाईट येणार पाळीने, आठ तास दिवसा नाहीतर रात्री. फवारणी मात्र सकाळी वारा पडलेला असताना किंवा संध्याकाळी उन्हं उतरल्यावर करायची. म्हणून पिकअपमध्ये पाच केव्हीएचा जनरेटर घालून न्यावा लागतो. खर्चाचा जास्त मोठा भाग दुसरीकडेच आहे. पाच सेटवर वीस उड्डाणं म्हणजे प्रत्येक सेट दिवसाला चार वेळा रिकामा होऊन भरतो. एक सेट तीनशे वेळा टिकला असं धरलं तरी तो ७५ कामाच्या दिवसांत संपला. बॅटरीला ट्रॅक्टरच्या टायरपेक्षाही कमी आयुष्य आहे, आणि ते आयुष्य तिला किती नीट भरलं-निववलं-ठेवलं यावर कमी-जास्त होतं.

उतरलेल्या ड्रोनची बॅटरी यंत्रानेच बदलायची आणि भरायची, अशा स्वयंचलित बॅटरी-बदल केंद्राचं खरं मोल इथे कळतं. हाताने बदलायला माणूस मिनिट घेतो आणि यंत्रही जवळपास तेवढंच घेतं, त्यामुळे वेळेची बचत फार नाही. पण यंत्र गरम सेल चार्जला लावत नाही. ते प्रत्येक सेलचं व्होल्टेज मोजतं, मागे पडलेल्या सेलला बाकीच्यांच्या बरोबरीला आणतं, अंतर्गत रोध (आतून विजेला होणारा अडथळा) वाढू लागलेली बॅटरी बाजूला काढतं. पाऊस लागून चार दिवस काम थांबलं, तर भरलेल्या बॅटऱ्या सेलमागे ३.८ व्होल्टपर्यंत उतरवून ठेवतं, कारण काठोकाठ भरून ठेवलेली लिथियम बॅटरी नुसती पडून असतानाही झिजते. हे सगळं माणसालाही करता येतं. पण सकाळी सहापासून उन्हात राबणाऱ्या माणसाने प्रत्येक वेळी ते न विसरता करावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

असं केंद्र चालतं कसं? पहिली पायरी नेमकं उतरणं. साध्या जीपीएसची चूक काही मीटरांची असते. आरटीके नावाच्या पद्धतीत जमिनीवरचं एक स्थिर केंद्र दुरुस्तीचे संदेश पाठवतं आणि चूक काही सेंटिमीटरवर येते. शेवटच्या मीटरभरात ड्रोनचा कॅमेरा ओट्यावर छापलेली काळी-पांढरी चौकडी ओळखून स्वतःला जुळवून घेतो. तरीही तो दोन बोटं इकडेतिकडे बसतोच. म्हणून चारी बाजूंनी दांड्या सरकत येतात आणि त्याला ढकलून बरोबर मध्यावर आणतात. मग यांत्रिक हात रिकामी बॅटरी ओढून मोकळ्या खणात ठेवतो आणि भरलेली आत सरकवतो.

ओढण्या-सरकवण्याच्या या मधल्या काही सेकंदांत ड्रोनचा मेंदू बंद पडला तर सगळं पुन्हा सुरू करावं लागतं, उपग्रह शोधण्यापासून. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०११ मध्ये यावर नामी उपाय मांडला होता. त्यांच्या केंद्रात बॅटऱ्या धरणारी दोन फिरती नळकांडी होती. एक रिकामी बॅटरी ओढून घेई, दुसरं भरलेली पुढे करी आणि तेवढ्या वेळात ड्रोनला बाहेरून वीज चालू राही. पुढे इस्रायलच्या एअरोबोटिक्स कंपनीने यांत्रिक हाताने बॅटरी बदलणारं बंद खोक्याचं केंद्र बाजारात आणलं आणि २०१७ मध्ये तिला त्या देशात पायलटविना स्वयंचलित उड्डाणांची परवानगी मिळाली. चीनच्या डीजेआयने २०२२ मध्ये आणलेला ‘डॉक’ मात्र बॅटरी बदलतच नाही. ड्रोन त्यात येऊन बसतो, जागेवरच चार्ज होतो आणि मग उडतो. यांत्रिक हात नाही, म्हणून बिघडायला भागही कमी.

बदलायचं की जागेवर भरायचं, हे कामाच्या घाईवर ठरवावं. फवारणीला घाई असते. दुपारचं ऊन किंवा वारा आला की दिवस संपला. तिथे बदलण्याला पर्याय नाही. पण पूर्ण स्वयंचलित, एका जागी रोवलेलं केंद्र आपल्या उसाला लगेच सोसेल असं मला वाटत नाही. आपली रानं गुंठ्यांत मोजण्याइतकी लहान, एकाचं इथे तर दुसऱ्याचं ओढ्यापलीकडे. केंद्राने ड्रोनच्या मागे फिरायला हवं. पिकअपच्या हौद्यात बसणारं, बॅटऱ्या निववणारं-भरणारं-तपासणारं कपाट, आणि बदलायला माणसाचा हात, ही मधली वाट मला जास्त पटते. तसंही औषध कालवून भरायला माणूस लागतोच. शिवाय कीटकनाशकाचे थेंब उडणाऱ्या जागी उघडी विद्युत जोडणी आणि नाजूक यांत्रिक हात किती दिवस तग धरतील, याची मला रास्त शंका आहे.

जागेवर चार्ज होणारं केंद्र खरं उपयोगी पडेल ते कृष्णेच्या काठी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांना गेलं की इशारा आणि ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. रस्ते तुटले आणि कुठल्या गल्लीत पाणी शिरलं, कुठल्या गच्चीवर माणसं अडकलीत, हे कळायला होडी जाईपर्यंत थांबावं लागलं. उंच इमारतीच्या गच्चीवर असं एक खोकं असेल, तर पाऊस उघडेल त्या प्रत्येक फटीत तासाभराने एक फेरी मारून नकाशा ताजा करता येईल. दोन फेऱ्यांमध्ये चार्जिंगला भरपूर वेळ आहे, बदलायची गरजच नाही. पुरात लाईट जाते आणि आभाळ भरलेलं असल्याने सौर पॅनेलही फारसं देत नाही. म्हणून केंद्राला स्वतःचा साठा हवा. त्यासाठी लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या योग्य. त्या जड असतात, पण गच्चीवर वजनाचं काय? त्या सहजी पेट घेत नाहीत आणि भरण्या-रिकामं होण्याची हजारो चक्रं टिकतात. पाहणीच्या छोट्या ड्रोनची बॅटरी १००-१५० वॉट-तासांची असते. दोन युनिटांचा साठा असला तरी दहा-बारा फेऱ्या होतात. पायलटच्या नजरेपलीकडे उडवायला आज खास परवानगी लागते. ती पाणी चढल्यावर मागून उपयोग नाही, उन्हाळ्यातच घेऊन ठेवायला हवी.

पुन्हा शेताकडे येतो, कारण तिथली एक गाठ तंत्रज्ञानाने सुटणारी नाही. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या ड्रोनला बसत नाही. खाच वेगळी, जोड वेगळा, बॅटरीतल्या चिपची भाषा वेगळी. दुचाकी-तीनचाकींच्या बॅटरी-बदलासाठी नीती आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये धोरणाचा मसुदा काढला, त्यात बॅटऱ्या एकमेकींना चालाव्यात यावर भर होता. शेतीच्या ड्रोनलाही तसंच हवं. एका गावात तीन बचत गटांकडे तीन कंपन्यांचे ड्रोन असतील, तर आज पंधरा सेट आणि तीन चार्जर लागतात. बॅटरी एकसारखी असती, तर विकास सोसायटीने किंवा साखर कारखान्याने एकच चार्जिंगचं कपाट ठेवावं, गटांनी भरलेले सेट न्यावे, रिकामे आणून द्यावे आणि एकराप्रमाणे पैसे मोजावे, इतकं ते सोपं झालं असतं. ७५ दिवसांत झिजणाऱ्या वस्तूचा बोजा मग एकट्या गटाच्या कर्जखात्यावर पडला नसता. फुगलेल्या बॅटऱ्यांचंही तेच. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, पण एका गटाची एक बॅटरी न्यायला गावात कोण येणार? सोसायटीच्या कपाटात चाळीस जमल्या तर गाडी येईल.

तोपर्यंत ड्रोन घेणाऱ्या गटाने विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी मागाव्यात. चार्जर रिकामा सेट किती मिनिटांत भरतो, किती तापमानाला तो स्वतःहून चार्जिंग थांबवतो, आणि प्रत्येक सेटची किती चक्रं झाली याची नोंद गटाला बघता येते की नाही.