मातीच्या कुशीतली घरं : पार्श्वभूमी

1850 मध्ये स्कॉटलंडच्या ऑर्कने बेटांवर मोठं वादळ झालं. किनाऱ्यावरच्या एका टेकाडावरची गवत-माती उडाली आणि खाली दगडी घरं उघडी पडली. स्कारा ब्रे ही ती वस्ती, सुमारे 5,000 वर्षांपूर्वीची. घरांच्या भिंतींना बाहेरून जुन्या उकिरड्याच्या मातीची भर होती. तिच्यामुळे वारा अडे, ऊब टिके. मला त्याहून मोलाची वाटते ती घरांखालची दगडी गटारं. मातीत घर बांधायचं तर पाण्याची वाट आधी काढायची, हे त्या लोकांना कळलं होतं.

माती हळूहळू तापते आणि हळूहळूच निवते. काही मीटर खोलीवर तिचं तापमान वर्षभर जवळपास सारखं राहतं. उत्तर चीनच्या पठारावर लोएस, म्हणजे वाऱ्याने आणून साठवलेल्या बारीक मातीत कोरलेली याओडोंग घरं याच गुणावर शतकानुशतकं नांदली. मात्र 1556 च्या शान्शी भूकंपात अशी असंख्य घरं ढासळली. मृतांचा परंपरागत आकडा 8,30,000 आहे.

नॉर्वेत छपरावर गवताची माती असे, पण तिच्याखाली बर्च झाडाच्या सालीचे थरावर थर. पाणी अडवायची ती साल, आणि माती तिला दाबून धरायची. अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात वस्ती करणाऱ्यांना सरकारी जमीन देणाऱ्या 1862 च्या होमस्टेड कायद्यानंतर आलेल्यांकडे अशी साल नव्हती. गवताच्या मुळांसकट कापलेल्या ढेकळांची त्यांची घरं पावसात गळत, आणि पडणारा चिखल झेलायला छताखाली कापड बांधावं लागे.

1973 च्या तेलटंचाईनंतर मातीच्या आडोशाने घराची ऊब टिकवण्याची ही कल्पना पुन्हा वर आली. वास्तुविशारद माल्कम वेल्स तिचा पुरस्कार 1960 च्या दशकापासूनच करत होते. त्या लाटेतली बहुतेक घरं काँक्रीटची होती, कारण ओल्या मातीचा 30 सेंटिमीटरचा थरसुद्धा दर चौरस मीटरला 500 किलोच्या आसपास भरतो. माइक ओहलर यांनी मात्र 1971 मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात लाकडी खांब, फळ्या आणि पॉलिथिन वापरून 50 डॉलरमध्ये घर उभं केलं.

आज लाकूड, चुना, पेंढ्याच्या गठ्ठ्यांनी बांधणारेही पाणी अडवायला छपरावर बहुधा रबराचा पडदाच घालतात. मला त्यात गैर वाटत नाही. पेंढा मात्र मातीला टेकलेल्या भिंतीत घालू नये, ओलीने तो कुजतो. तिथे दगड हवा, मागे खडीचा थर आणि पाणी बाहेर नेणारा चर.